दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"परत लावा तेच," दाजींनी रेकॉर्डच्या दुकानदाराला सांगितलं, "आणि आवाज जरा मोकळा सोडा."

दुकानदाराने दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या, तिसऱ्या गाण्यावर सुई टेकवली. तबकडी सकाळीच बाजारात आली होती आणि दुकान उघडून तास होतो न होतो तोच निम्मा गठ्ठा उठला होता. माणसं दाराबाहेर फुटपाथपर्यंत उभी होती. दाजी, म्हणजे बँडचे ट्रम्पेटवाले, काउंटरला रेलून तबकड्यांच्या पाकिटांवर सह्या करत होते. कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर ड्रमर आपला संच जुळवत होता. बारा वाजता तिथेच दोन गाणी वाजवायची होती. दाजी त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तो दाजी म्हणतो म्हणून सगळा बँड त्यांना दाजी म्हणायचा, आणि आज तर दुकानदारही म्हणायला लागला होता.

गाणं सुरू झालं. आधी नुसते ड्रम, सोळा आवर्तनं. मध्येच धप्प असा जड आवाज. त्याच्या मागोमाग एका बाईचं तुटकं ओरडणं. मग ट्रम्पेट.

"हेच, हेच!" वर्तमानपत्रातून आलेला माणूस वही सरसावत म्हणाला. "अंगावर काटा येतो हो. कोण आहेत या बाई? पाकिटावर नाव कुठेच नाही."

काउंटरमागे ड्रमरची ती थोरली बहीण, ताई, एका हाताने तबकड्या पिशव्यांत भरत होती. तिचा डावा कोपर आता सरळ होत नसे. जिन्यावरून पडले, असं ती सगळ्यांना सांगायची. तिने मान वर केली नाही.

"घरचंच माणूस," दाजी हसले. "स्टुडिओत आमचा रेकॉर्डिंगचा टेक चालू, आणि बाईसाहेब दार ढकलून आत. म्हणते, पोराला ताप आहे, घरी चला. म्हटलं, थांब बाई, आणि दार लावून घेतलं. तर दारानेसुद्धा कशी समेवर साथ दिली बघा!"

दोघं-तिघं हसले. "पुढच्या रेकॉर्डवर दाराचं नाव छापा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग बरेच जण हसले.

दुसरा टेक घेऊ, असं त्या दिवशी ड्रमर म्हणाला होता. पुन्हा असा जमणार नाही, म्हणून दाजींनी उडवून लावलं होतं.

आत्ता त्याच्या हातात झांजेच्या स्टँडचा लोखंडी दांडा होता. तो चौथऱ्यावरून उतरला आणि गर्दीतून काउंटरकडे निघाला. लोकांना वाटलं, हाही सह्या करायला आला. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

त्याने दांडा दाजींच्या तोंडावर हाणला.

दोन दात काउंटरवर पडले. दाजींनी तोंड झाकलं, तर दुसरा फटका बोटांवर बसला आणि बोटं गळून पडल्यासारखी खाली आली. ट्रम्पेटवाल्याचं सगळं काही त्याच्या ओठांत असतं, हे ड्रमरला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तिसराही त्याने तिथेच मारला.

पाकिटांचा ढीग अंगावर घेत दाजी खाली कोसळले. ड्रमरने दांडा फेकला, त्यांच्या छातीवर गुडघा रोवला आणि मुठीने मारायला लागला. एक शब्द न बोलता, एकामागून एक. पायाखाली चुरगळणाऱ्या पाकिटांवर दाजींचाच हसरा फोटो होता. "मरेल तो! सोडवा रे!" कोणीतरी किंचाळलं. दुकानदाराने मागून ड्रमरच्या गळ्यात हात घातला, तर कोपराच्या एका दणक्यात त्याचंही नाक फुटलं. वर स्पीकरमधून ट्रम्पेट वाजतच होतं, दुकान भरून.

शेवटी चौघांनी मिळून त्याला खेचलं आणि हात पिरगाळून भिंतीशी दाबून धरलं. तोवर गाणं संपलं होतं. सुई मधोमध जाऊन नुसती खरखरत होती.

ताई काउंटरमागून बाहेर आली. रक्त घशात जाऊ नये म्हणून तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता. त्याच्या हातात तिने स्वतःचा रुमाल दिला आणि उठून उभी राहिली.

"ताई," ड्रमर धापा टाकत म्हणाला, "आता नाही तो तुझ्यावर हात उचलणार. पोराला घे आणि माझ्याकडे ये. मी आहे ना."

"आहेस," ताई म्हणाली. "तेव्हाही होतास."

ती सरळ रेकॉर्ड प्लेअरकडे गेली. उजव्या हाताने सुई उचलली, वाकून नीट बघितलं आणि त्याच गाण्यावर पुन्हा टेकवली. दुकानात कोणी हललं नाही. ड्रम सुरू झाले.

"ऐक," ती म्हणाली.

धप्प झालं. ओरडणं आलं आणि विरलं. त्याच्या खालून ड्रम चालूच होते, सावकाश, ठाशीव, जराही न डगमगता.

"दार माझ्या हातावर आलं तेव्हा तू समोर बसला होतास. माझ्याकडेच बघत होतास." तिचा आवाज जराही चढला नाही. "तुझा एक ठोका चुकला नाही, धाकल्या."