मागच्या चाकांची हवा

“मागं ओझं किती, सामी?” पेट्रोल बंकवरच्या मणीनं हवेची नळी ओढत विचारलं.

नरसिंहरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्यांची पिकप एरवी पितळेची भांडी वाहायची. आज भांडी उतरवून मागचा हौदा धुतला होता, त्यात सतरंजी अंथरली होती, आणि सतरंजीवर घरातली हातांची खुर्ची दोरीनं पक्की बांधली होती. खुर्चीत वेंकटलक्ष्मीबाई बसल्या होत्या. नुकत्याच तंजावरच्या आगगाडीनं कुंभकोणमला उतरल्या होत्या, नरसिंहरावांच्या मुलीला, तुळशीला, आपल्या मुलासाठी बघायला. स्टेशनाबाहेर बाई हौद्यात चढल्या, तशी मागची दोन्ही चाकं दबली आणि गाडीचं नाक आभाळाकडे बघू लागलं. घर साक्कोट्टैला, रस्ता खड्ड्यांचा. म्हणून तर नरसिंहराव बंकवर वळले होते.

“ओझं किती?” मणीनं पुन्हा विचारलं. “रिकामी असेल तर पंचवीस पौंड घालतो. भरलेली असेल तर चाळीस.”

“बेताचं आहे,” नरसिंहराव पुटपुटले.

“बेताचं म्हणजे? कमी घातली तर ह्या जुन्या टायरची पहिल्या खड्ड्यातच चिंधी होईल. उगाच जास्त घातली, तर मागं बसणाऱ्याचं कंबरडं मोडेल. मला नीट सांगा.”

नीट सांगायचं कसं? मराठीत सांगावं तर मणीला कळत नाही. तमिळमध्ये सांगावं तर बाईंना कळतं, मणीहून चांगलं कळतं. आणि मुलाच्या आईचं वजन भर रस्त्यात बोलून दाखवलं, तर सोयरीक इथंच, ह्या बंकवर, मोडायची. नरसिंहरावांनी उपरण्यानं मान पुसली. मग मणीला चाकामागं बोलावून, खाली वाकून, धंद्यातल्या भाषेत हळूच सांगितलं, “पुढं दोन नग आहेत. एक घागर, एक पळी. मागं एकच. मोठा हंडा.”

घागर म्हणजे ते स्वतः. पळी म्हणजे पुढच्या सीटवर बसलेले बाईंचे यजमान, हनुमंतराव.

मणी उभा राहिला. फळीला धरून त्यानं हौद्यात डोकावलं. सतरंजी पाहिली, खुर्चीखाली पाहिलं.

“हंडा कुठाय, सामी?” तो मोठ्यानं म्हणाला. “मागं हंडा दिसत नाही!”

“नीट बघ,” खुर्चीतून बाई म्हणाल्या. “हंडा मीच.”

मणीनं फळी सोडली आणि तो गुपचूप चाकापाशी बसला. नरसिंहराव वाकलेलेच राहिले. सरळ झालं तर बाईंच्या नजरेला नजर द्यावी लागणार होती.

“वर या, राव,” बाई म्हणाल्या. “चाकाशी काय बोलता?”

नरसिंहराव वर आले. हात आपोआप जोडले गेले होते. “क्षमा करा, बाई. भांड्यांचा व्यापारी मी. तोंडात तेच शब्द.”

“पितळी की तांब्याचा?”

“काय?”

“हंडा.”

“पितळी,” नरसिंहरावांच्या तोंडून निघून गेलं. आपण काय बोललो हे ध्यानात येताच ते घाईघाईनं म्हणाले, “पण आतून कल्हई केलेला!”

बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी पुढच्या सीटकडे बोट केलं. “आणि हे?”

नरसिंहराव जमिनीकडे बघू लागले.

“पळी,” खिडकीतून हनुमंतरावांनीच सांगितलं. “मी ऐकलं. बरं झालं, पळी तरी म्हणाले. घरी मला चमचा म्हणतात.”

बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. “सकाळी आगगाडीत मी शिरले,” त्या नरसिंहरावांना म्हणाल्या, “तसं अख्खं बाक उठलं. या अम्मा, बसा अम्मा. हात जोडून जागा दिली सगळ्यांनी. कशास देतात, ते कुणी बोललं नाही. तंजावरपासून बघते आहे मी ते. लोक मला बघून गप्प होतात, आणि मग कडेला जाऊन बोलतात.”

रस्त्यावरून केळीच्या घडांची बैलगाडी सावकाश गेली. गाडीवानानं खुर्ची पाहिली, खुर्चीतल्या बाई पाहिल्या, आणि मान दुसरीकडे वळवली.

“बघा,” बाई म्हणाल्या. “आता मला एकच सांगा. मुलगी कशी आहे? तुमच्यासारखी चाकामागं वाकून बोलते, की समोर?”

मुलीबद्दल काय काय सांगायचं ते नरसिंहरावांनी घरून पाठ करून आणलं होतं. स्वयंपाक, रांगोळी, मवाळ स्वभाव. त्यांनी तोंड उघडलं. मग एकदा मागच्या चाकाकडे पाहिलं, आणि पाठ केलेलं सगळं सोडून दिलं.

“समोर, बाई,” ते म्हणाले. “आज सकाळीच म्हणाली, अप्पा, त्या पाहुण्यांना घोड्याचा जटका सांगा, तुमच्या ह्या डबड्यात कुणाला बसवू नका. तीच एक खोट आहे तिच्यात. मी सांगणार नव्हतो.”

हनुमंतरावांनी खिडकीतून डोकं आत घेतलं.

बाईंच्या खांद्यांपासून सुरुवात झाली. मग हातांतल्या बांगड्या वाजल्या, मग खुर्ची करकरली, आणि मग बाई तोंडाला पदर लावून अशा हसू लागल्या की सगळी पिकप पाळण्यासारखी डोलायला लागली. चाकाला लावलेली नळी निसटली. फुस्स करून हवा गेली. मणीनं नळी परत लावली. ती परत निसटली.

“अम्मा, जरा दम धरा!” तो खालून ओरडला. “तुमचं हसणं संपल्याशिवाय मला हवा भरता येत नाही!”