झालरीचं कव्हर

अल्पेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चौथ्या कॅबिनेटच्या जाळीसमोर बसच्या तिकिटाचा कपटा धरून उभे असताना लीलाधरना पुन्हा त्या पत्राची आठवण झाली. पत्र रत्नागिरीहून आलं होतं, त्याला दोन वर्षं होत आली. समिधा नावाच्या एका प्रकाशिकेनं लिहिलं होतं, दिवाळी अंकात तुमची कथा वाचली, आवडली. आणखी असतील तर पाठवा, पुस्तक काढू. हातानं लिहिलेल्या असल्या तरी चालतील.

शेवटचं वाक्य तिनं भिडेखातर लिहिलं असणार, असं लीलाधरना वाटलं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसानं हस्तलिखित पाठवणं शोभत नाही. टाइप करूनच पाठवायला हव्यात. त्यासाठी कॉम्प्युटर हवा. तयार कॉम्प्युटरमध्ये आत काय भरलंय ते कळत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. म्हणजे तो स्वतःच जोडायला हवा. सुटे भाग घेऊन झाले. ते पलंगाखाली खोक्यांत पडून होते. अडलं होतं ते कॅबिनेटपाशी, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसवायचे त्या पत्र्याच्या डब्यापाशी.

कारण लीलाधरनी उष्णतेबद्दलही वाचलं होतं. पुढच्या पंख्यांनी गार हवा आत घ्यावी, मागच्या पंख्यानं तापलेली बाहेर टाकावी. समोर काच आणि रंगीत दिवे असलेली कॅबिनेटं दिसायला छान, पण हवेला आत जायला वाट नाही. जाळीतून हवा जाते, पण धूळही जाते. जाळी बारीक घेतली तर धूळ अडते, पण मग हवा तरी कितीशी जाणार? शांती नगरातून बसनं केबिन रोडला यायचं, अल्पेशला पंखे सुरू करायला लावायचे, हवेच्या ओढीनं तिकीट जाळीला चिकटतं का ते बघायचं आणि "विचार करून सांगतो" म्हणून परत जायचं, असं बरेच महिने चाललं होतं.

त्या दिवशी अल्पेश म्हणाला, "काका, इकडे लोक फ्लॅट घेताना पण एवढं वेंटिलेशन नाय बघत."

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसलं. लीलाधर ओशाळले, आणि त्या भरात चौथं कॅबिनेट घेऊन मोकळे झाले.

घरी त्यांनी ते जमिनीवर मांडलं. भिंगातून बघत एकेक स्क्रू बसवला, दोनदा सगळं उलगडलं, पंख्यांची तोंडं पुन्हा पुन्हा तपासली. मधे एकदा चंद्रावती शिलाई मशीनवरून उठून आली आणि डब्याला मापाची टेप लावून गेली. लीलाधरनी लक्ष दिलं नाही. त्यांची बायको जुन्या भाईंदरातल्या कोळ्याची मुलगी. तिच्या घरात उघडं असं काही राहत नसे. मिक्सर, टीव्ही, फ्रीज, सगळ्यांना कव्हर होतं. रिमोटसुद्धा प्लास्टिकमध्ये.

कॉम्प्युटर सुरू झाला. लीलाधरनी कथेचं नाव टाइप केलं. पहिलं वाक्य टाइप केलं, खोडलं, पुन्हा तेच टाइप केलं. मग दमून चहा घ्यायला गॅलरीत गेले. परत आले तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता. कॅबिनेट दिसतच नव्हतं. त्याच्या जागी गुलाबी फुलाफुलांचं कव्हर होतं, पुढून मागून अगदी मापाचं, खाली जमिनीपर्यंत झालर. त्यांनी ते उचललं तशी गरम झळ तोंडावर आली.

लीलाधर सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. हवा पुढून येते, मागून जाते, तिला वाट लागते, असं झाकून ठेवलं की चांगली वस्तू आतल्या आत मरते, हे त्यांनी चंद्रावतीला दोनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं कपाट उघडलं, साड्यांच्या खालून एक पिशवी काढली आणि आणून त्या तापलेल्या डब्यावर ठेवली. प्लास्टिकची पिशवी, वरून रबरबँड, आत डांबराच्या गोळ्या. लीलाधरच्या कथा.

"अवो, तुमचा डब्बा अर्ध्या घंट्यात गुदमरला," ती म्हणाली. "ह्यांना दोन वर्सं झाली."

लीलाधर म्हणाले की दुसऱ्या कथेचा शेवट कच्चा आहे. तिनं विचारलं, त्या बाईनं हातानं लिहिलेलं चालंल म्हटलंय की न्हाय? म्हटलंय, पण, असं लीलाधर सुरू झाले.

तोवर चंद्रावतीनं कव्हर कात्रीनं उसवायला घेतलंही होतं. कापड नवंकोरं होतं, वाया कशाला घालवायचं. त्यात तिनं कथांचा गठ्ठा गुंडाळला आणि दाभण-दोऱ्यानं चारी बाजूंनी शिवला. शेवटची कड शिवायच्या आधी लीलाधरनी एक चिठ्ठी आत सरकवली. "आपलं पत्र मिळालं. उत्तराला जरा उशीर झाला." वरचा पत्ता त्यांनी स्वतः लिहिला आणि मुद्रित तपासावं तसा तपासला. चूक सापडली नाही.

पोस्टातल्या बाईंनी पार्सल उलटसुलट केलं. गुलाबी फुलं, एका कडेला लोंबणारी झालर.

"आत काय, ड्रेस आहे?"

"कथा आहेत," लीलाधर म्हणाले. "माझ्या."

बाईंनी वजन केलं, पार्सल त्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, स्पीड पोस्टनं की साध्यानं?

"विचार करून," लीलाधर सवयीनं म्हणाले आणि थांबले. शेजारी चंद्रावती भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी होती.

"जे आधी पोचेल त्यानं," ते म्हणाले आणि पार्सल स्वतःच्या हातानं खिडकीतून आत सरकवलं. झालर बाहेरच अडकली. तीही त्यांनी बोटानं आत ढकलली.