पहिला घास

“खिसे रिकामे कर,” तो म्हणाला.

कोणी हललं नाही.

“आई, तुलाच सांगतोय.”

आजीने स्वेटरच्या खिशात हात घातला आणि लिमलेटच्या चार-पाच गोळ्या काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या.

“तुला तर गोड बंद आहे. मग ह्या कोणासाठी?”

आजीने नातीकडे पाहिलं. नातीने ताटाकडे पाहिलं. झालं, चोर मुद्देमालासकट सापडला!

“बाबा, त्या ना...” पोरीने तोंड उघडलं, पण आजीने टेबलाखालून तिचा पाय दाबला. बापाला तेही दिसलं. त्याने गोळ्या उचलून शर्टाच्या खिशात टाकल्या.

पोरगी सहा वर्षांची. घरात तिला नकोबाई म्हणत. दूध नको, अंडं नको, भाजीचं तर नावच नको. ताटात एका पदार्थाला दुसरा चिकटला की दोन्ही नको. आई गोष्टी सांगून थकली, बाप ओरडून थकला. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. तिला चार घास जात ते फक्त आजीच्या हातचे, तेही आजीचं स्वतःचं जेवण गार झाल्यावर.

शिवाय रोज जेवणाआधी आजी-नात आजीच्या खोलीत दार लावून घेत. आत कुजबुज चाले, मग दोघी शहाण्यासारखा चेहरा करून बाहेर येत. आज सुट्टीचा दिवस, बाप दुपारी घरात होता, म्हणून त्याने हे डोळ्यांनी पाहिलं. जेवणाआधी लिमलेट चघळलेलं पोर जेवेल कशाला? एवढं कळायला काय अक्कल लागते?

तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि त्याच्या पायाखाली दुसरा. भलेभले त्याच्या शेजारी बसून सरळ झाले होते.

“घरात मात्र दुसरा ब्रेक चालणार नाही,” तो म्हणाला. “मी पोरीला दामटायचं आणि आई, तू करकचून दाबायचा. आजपासून बंद. नकोबाईने पहिला घास खाल्ल्याशिवाय ह्या टेबलावर कोणीही खायचं नाही. मीसुद्धा नाही. आणि तिला कोणी भरवायचं नाही.”

“अरे, पण मला...” आजी म्हणाली.

“एक शब्द नाही! मध्ये बोललीस तर उद्याच्या गाडीने धाकट्याकडे पोचवतो. खेळव त्याच्या पोरांना.”

धाकटा दोन दिवसांच्या वाटेवर राहत होता. तिथे गेलं तर ही पोरगी परत कधी दिसणार? आजीने ओठ मिटले. हिला सोडून राहणं तिला जमणारच नव्हतं, आणि हे तिच्या मुलाला चांगलं माहीत होतं.

ताटात भात आणि हिरवे वाटाणे होते. पोरीने चमच्याने एक-एक वाटाणा बाजूला सारला. मग हाताची घडी घालून बसली. बापानेही घडी घातली. पीळ कुठून आला होता ते दिसतच होतं!

भाताची वाफ गेली. पोरीची आई दुकानात आठवडाभर उभी असायची. सुट्टीच्या दिवशी तिला बसून गरम जेवायचं होतं, दुसरं काही नको होतं. “जाऊ दे ना,” ती म्हणाली, “आईंना तरी जेवू दे.”

“कोणालाच नाही. आज नमलो तर जन्मभर नमावं लागेल.”

आजीच्या कपाळावर घाम आला होता. तिने पदराने पुसला, तो पुन्हा आला. तिचा हात ताटाकडे गेला, चमचा थरथरत ताटाच्या कडेवर वाजला.

“आई!”

हात मागे आला.

“पंखा लावू का?” सुनेने विचारलं.

आजी भलतंच काही तरी बोलली. धाकट्याचं नाव घेतलं, मग म्हणाली की शाळेला उशीर होतोय. जीभ जड झाली होती.

“नाटकं बघा,” मुलगा म्हणाला. “लहानपणी मी हट्ट केला म्हणून हिने मला जेवणावरून उठवलं होतं. तेव्हा कुठे गेली होती ही माया?”

भात पार गार झाला. आजीची मान हळूहळू भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

“बघ,” बाप पोरीला म्हणाला, “तुझ्यापायी आजी उपाशी झोपली. लाज वाटते का?”

हे मात्र लागलं. पोरीचा ओठ पुढे आला, डोळे भरले. तिने चमचा उचलला, भात आणि वाटाणे एकत्र कालवले, डोळे गच्च मिटून घास तोंडात कोंबला आणि गिळला. मग दुसरा. मग तिसरा.

“अगं बाई!” आई म्हणाली.

बापाने टेबलावर थाप मारली. “शाब्बास! बघितलंस? मारावं लागलं नाही की भरवावं लागलं नाही. मला काय पोरं वळवता येत नाहीत?” तो इतका खूश झाला, की त्याने खिशातल्या गोळ्या काढून पोरीपुढे ठेवल्या. “घे, सगळ्या तुला. बक्षीस.”

पोरीने मान हलवली. “नको.”

“आता काय झालं?”

“त्या आजीच्या आहेत. मला एकपण देत नाही ती. आम्ही दार लावून तिच्या साखरेची सुई घेतो ना, मी आकडा वाचते, तिला दिसत नाही. सुई घेतली की लगेच जेवायचं. उशीर झाला आणि हात थरथरले तर गोळी तोंडात टाकायची, डॉक्टरांनी सांगितलंय. पण तुम्हाला सांगायचं नव्हतं. दुखणं वाढलंय कळलं तर तुम्ही तिला काकाकडे पाठवाल म्हणाली.”

ती खुर्चीवरून उतरली, एका गोळीचा कागद काढला आणि गोळी आजीच्या ओठांत सारली. “आजी, मी खाल्लं. आता तू खा.”

गोळी ओठांतून घरंगळली आणि आजीच्या ताटात, गार भातावर पडली.