हात न लावता

"पाच मिनिटं," सर म्हणाले. "दिवा लागला तर नोकरी, नाहीतर नमस्कार."

टेबलावर मुलांच्या वर्गातली पेटी उघडी होती. दोन सेलची डबी, तिच्यातून निघालेली एक लाल आणि एक काळी तार, हरभऱ्याएवढा एलईडी. समोर नऊएक वर्षांची मुलगी. शिकवण्याच्या नोकरीसाठी आलेल्या बाईंनी अठरा वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. दुकान बंद पडल्यापासून घर धाकट्या बहिणीच्या जिवावर चाललं होतं. आधीचे दोन उमेदवार दोन-दोन मिनिटांतच दात काढत बाहेर आले होते.

मुलीनं लाल तार दिव्याच्या आखूड पायाला जोडली, काळी लांब पायाला. दिवा ढिम्म.

"डबीवर अधिकची खूण आहे बघ," बाई म्हणाल्या. "तिथली तार कुठल्या पायाला जायला हवी?"

मुलीनं खूण पाहिली, तारा सोडवल्या आणि पुन्हा तशाच जोडल्या. तिसऱ्यांदाही तेच. बघत मात्र होती बाईंच्या हातांकडे. बाईंनी ते मांड्यांखाली दाबून ठेवले. शिवशिवत होते मेले.

"अहो, तीन मिनिटं गेली," सर म्हणाले. "द्या ना जोडून. सेल तर आहे, शॉक थोडाच बसणार आहे?"

"शॉक बसत नाही म्हणूनच सेल दिलाय ना तिला? मग चुकू दे की मनसोक्त!"

"नोकरी हवीय ना तुम्हाला?"

"हवीय. नाक मुठीत धरून आलेय. पण दिवा मीच लावायचा, तर पोरीला कशाला बसवलंत?"

सरांनी स्वतःच तारांकडे हात नेला. बाईंनी तो सरळ बाजूला सारला. होणाऱ्या मालकाचा हात! पण त्या मागे हटल्या नाहीत.

"वेळ संपली," सर म्हणाले.

बाईंनी पिशवी उचलली. आता बहिणीला काय तोंड दाखवायचं? तरी मुलीजवळ वाकून त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस, बाळा. जमेल तुला. आणि कुणाला हात लावू देऊ नकोस, सरांनासुद्धा."

त्या दाराशी पोचल्या, तेवढ्यात मुलीनं खाली न बघताच तारांची अदलाबदल केली. दिवा लागला.

"बाबा," ती सरांना म्हणाली, "ह्या पास."