एकेचाळीस ठिपके

विभागप्रमुख धापा टाकत आत आले, तेव्हा तोंडी परीक्षेला पंधरा मिनिटं उशीर झाला होता. पाचव्या मजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत बाहेरून आलेले परीक्षक केव्हाचे घड्याळाकडे बघत बसले होते. प्रमुखांनी घाम पुसला, खुर्चीत अंग टाकलं आणि गुडघा चोळत म्हणाले, "हं, दाखव तुझा आलेख."

समोर उभ्या असलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने तो दाखवला. इमारतीच्या लिफ्टच्या छताला तिने कंपन मोजणारे सेन्सर बसवले होते. सर्किट स्वतः जोडलेलं, प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला. सहा आठवडे, दोन हजार फेऱ्या. पडद्यावरची निळी रेष सुतासारखी सरळ चालली होती. फक्त एकेचाळीस लाल ठिपके त्या रेषेला सोडून वर उडाले होते.

"अजून आहेतच का हे?" प्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पंधरा दिवसांपूर्वी हाच आलेख तिने त्यांना दाखवला होता. "सेन्सर सैल आहे, दुसरं काही नाही. लिफ्टची तपासणी झालीय, कागदावर माझी सही आहे. हे ठिपके काढून टाक. डेटा साफ करायला शिकवलं ना तुला?"

"सेन्सर दोन आहेत, सर. दोन वेगळ्या कोपऱ्यांत. दोन्हींनी एकाच क्षणी तोच झटका टिपलाय. दरवेळी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, आत जड वजन असतानाच."

जड वजन म्हणजे मावशींची ढकलगाडी. प्रयोगशाळेतल्या मावशी यंत्रं घेऊन दिवसातून दहा वेळा त्याच लिफ्टने खालीवर करत. आत्ताही त्या भरलेली गाडी घेऊन दाराशी रेंगाळल्या होत्या.

"मावशी, बघत काय बसलात? न्या ती गाडी लिफ्टनं खाली," प्रमुख खेकसले. मग तिच्याकडे वळले. "ठिपके काढ, पूर्ण गुण देतो. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

तिच्या नोकरीचं पत्र घरी निकालाची वाट बघत पडलं होतं, आणि आईने ते अख्ख्या गल्लीला दाखवूनही झालं होतं. पण मावशींनी खरोखरच गाडी वळवली, तेव्हा तिची भीती कुठल्या कुठे पळाली. उरला तो नुसता संताप. ती जाऊन गाडीच्या आडवी उभी राहिली.

"नाही काढणार. नापास करा. फक्त एक सांगा सर, आज तुम्ही वर कसे आलात?"

प्रमुखांचा गुडघ्यावरचा हात थांबला. बाहेरच्या परीक्षकांनी घड्याळावरून नजर उचलली. मावशींना मात्र राहवलं नाही.

"जिन्यानं आले की! पंधरा दिवस झाले, रोज जिन्यानंच येतात. मी म्हटलं, व्यायाम करत असतील."

बोलता बोलता मावशी थबकल्या. त्यांनी त्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि ढकलगाडी भिंतीला लावून ठेवली.