रविवारच्या चुका

पडद्यावरची चुकांची रेघ पुन्हा उसळली. तरुण संशोधकाने फोन उचलला. तारेच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या केंद्रात, यंत्र सांभाळणारे काका एकटेच असत.

“काका, पुन्हा चुका वाढल्या. कुणी आलं होतं का तिकडे?”

“अहो, हा चढ चढायचा म्हणजे चोराचाही जीव जाईल! पण तुमचा आवाज का बसलाय?”

“काही नाही. जोडण्या तपासून घ्या,” म्हणत त्याने घाईने फोन ठेवला. कामापलीकडचे बोलणे त्याला कधी जमलेच नव्हते.

त्याच्याकडून प्रकाशाचे सुटे कण काचेच्या तारेतून टेकडीवर जात आणि त्यांतून दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली घडे. वाटेत कुणी डोकावले की कण बिघडत, चुका वाढत. पण यंत्रेही काही धुतल्या तांदळासारखी नसतात. त्यांची खोड आधी मोजून ठेवली, तर तिच्यासकट गुपित राखता येते, हे त्याने कागदावर सिद्ध केले होते. जी चूक मोजता येत नाही, ती मात्र चोराच्या माथी मारायची, किल्ली टाकून द्यायची आणि पलीकडे फोन करायचा, असा नियम होता.

ही चूक काही केल्या मोजता येईना. रविवारी तर ती हटकून येई. त्या दिवशी साऱ्या इमारतीत एकट्या त्याच्याच खोलीत दिवा असे. आजही रविवारच होता आणि उद्या समिती बसणार होती. कारण सापडले नाही, तर यंत्र मोडीत निघणार होते, आणि त्याबरोबर त्याची इतक्या वर्षांची मेहनतही.

रेघ उसळली. त्याने पुन्हा फोन लावला. “काका, उद्या हे सगळं बंद होईल. तुमचं केंद्रसुद्धा.”



“चोरबीर कुणी नाही हो,” काका म्हणाले. “प्रकाश टिपणाऱ्या डबीचं झाकण मीच किलकिलं करतो. खोलीतला उजेड आत शिरतो. यंत्र सुरळीत चाललं, की तुमचा फोन येत नाही.”

त्याला राग यायला हवा होता. त्याने फोन ठेवला आणि अहवालात लिहिले : ‘झाकण उघडे राहत होते. यंत्रात दोष नाही.’

संध्याकाळपर्यंत रेघ शांत पडून राहिली. नियमाप्रमाणे फोन करण्याचे आता काहीच कारण उरले नव्हते.

त्याने फोन लावला.

“झाकण घट्ट बंद आहे हो, शपथ!” काका गडबडून म्हणाले. “किती चुका दिसतायत?”

“चुकांचं काही नाही, काका,” तो म्हणाला. “सहजच केला.”