धाकट्याची खोली

१९५७ साल. पवनारकडच्या काळ्या मातीत घर बांधलं की ती पावसाळ्यात फुगायची, उन्हाळ्यात भेगाळायची आणि भिंती तडकायच्या. गावात शाळा व्हायची होती, म्हणून ओव्हरसियर साहेबांनी आधी चुन्याचा प्रयोग करून बघायचं ठरवलं. चंद्रभानजी आपल्या दोन मुलांसाठी दोन खोल्या बांधतच होते. साहेबांनी थोरल्याच्या खोलीच्या पायव्यातल्या मातीत चुना कालवून घेतला. धाकट्याच्या मुद्दाम नाही, म्हणजे फरक कळेल.

वर्षभराने साहेब पाहायला आले. दोन्ही खोल्यांच्या भिंतींना केसाएवढीही चीर नव्हती.

"म्हणजे चुन्याने काही फरक पडत नाही," साहेब म्हणाले. शाळेचा पाया बिनचुन्याचाच भरायला सांगून ते जीपमध्ये बसले.

जीप दिसेनाशी होईपर्यंत चंद्रभानजींची बायको, आनंदाबाई, ओट्यावर उभी होती. मग नवऱ्याला हळूच म्हणाली,



"पायवा भरला त्या दिवशी साहेब गेल्यावर उरलेला चुना मीनं लहान्याच्या पायव्यात कालवून टाकला. एका लेकाले द्याचं अन् दुसऱ्याले नाई, असं मायले जमते का जी?"